अलिबागहून आलास का?

बालमित्रांनो, वर्गात एखादा सोपा प्रश्न चुकला की शेजारचा मुलगा हळूच चिमटा काढतो, "काय रे, अलिबागहून आलास का?" सगळा वर्ग खुसुखुसू हसतो. नाटकात, सिनेमात, एस.टी.च्या रांगेत, कुठेही हा टोमणा ऐकू येतो. बिचारे अलिबागकर! २०१९ साली तर हा टोमणा बंद करा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला होता. असे विनोद मनाला लावून घेऊ नयेत, असं म्हणून न्यायालयानं तो फेटाळला.

खरं सांगू? मीसुद्धा वर्गात हे वाक्य कितीतरी वेळा बोलले आहे. पण आमच्या शाळेची सहल अलिबागला गेली आणि माझीच फजिती झाली. त्या दिवसापासून हा टोमणा माझ्या तोंडून पुन्हा निघालेला नाही. का, ते ऐका. ऐकता ऐकता आपण अलिबागही बघून घेऊ.

घाटावरून समुद्राकडे

आमची शाळा घाटावरची. चौथी ते सातवीची चव्वेचाळीस मुलं, आम्ही तीन शिक्षक आणि एक एस.टी. मुलांपैकी निम्म्यांनी समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिला होता. मध्यरात्री निघालो, खोपोली, पेण, वडखळ मागे टाकलं, कार्लेखिंड ओलांडली आणि नारळी-पोफळीच्या बागा दिसू लागल्या. गाडीत एकच गलका, "बाई, समुद्र कुठंय? बाई, समुद्र कधी येणार?"

मुंबईच्या मुलांना मात्र अलिबागला जायला खुश्कीचा रस्ता हवाच असं नाही बरं का! गेटवे ऑफ इंडियाहून लाँचमध्ये बसायचं, तासाभरात मांडव्याला उतरायचं आणि पुढे बसनं अलिबाग. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मोठी रो-रो बोटही सुरू झाली. तिच्या पोटात मोटारीसुद्धा मावतात. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच मात्र बंद असतात.

अलिबाग हे रायगड जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचं नाव 'कुलाबा' होतं. तुमच्या आजोबांना विचारा, ते अजूनही कुलाबा जिल्हाच म्हणतील. हे नाव ज्याच्यावरून पडलं तो कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात उभा आहे. आमच्या सहलीचं पहिलं ठिकाण तेच होतं.

"जाशील गो बाय, पन येशील कशी?"

वाटेत गाडी पंक्चर झाली, त्यामुळे किनाऱ्यावर पोचायला सकाळचे अकरा वाजले. समोर तो किल्ला! काळाभोर, जणू पाण्यात बसलेली म्हैसच. मधे ओली वाळू, थोडे खडक आणि घोट्याएवढं पाणी. काही माणसं किल्ल्याकडून चालत परत येत होती. किलोमीटर-दीड किलोमीटरचं अंतर. मुलं तर चपला हातात घेऊन तयारच होती.

त्या दिवशी संकष्टी होती. मला उपास होता. किल्ल्यात गणपतीचं मंदिर आहे, हे मी पुस्तकात वाचलं होतं. संकष्टीला दर्शन घडेल, मुलांचा किल्लाही होईल, असा माझा बेत. मी शिट्टी वाजवली आणि म्हटलं, "चला रे, दोन-दोनच्या रांगा करा!"

जवळच एक कोळीण मावशी सुकट वाळत घालत होती. तिनं मान वर करून विचारलं, "बाय, कुठं चाललीस एवढी पोरं घेवून?"

"किल्ल्यावर. पाणी अगदी थोडं आहे ना!"

"जाशील गो बाय, पन येशील कशी? आज चतुर्थी. तीनला भरती. आत्ता चढतंय पानी."

मला वाटलं, मावशी उगाच घाबरवतेय. घोट्याएवढं तर पाणी! मुलांचे चेहरे बघवेनात. मी म्हटलं, "भरभर जाऊन भरभर येऊ." मावशी उठली आणि सरळ आमच्या रांगेसमोर येऊन उभी राहिली. "तुझी पोरं हायत, मी कोन सांगनार? पन अर्धा तास हितं बस आनि बघ. मग जा."

आम्ही बसलो. पहिल्या रांगेतल्या एका मुलानं वाळूत एक काठी रोवली. दहा मिनिटांत काठीचं टोक तेवढं उरलं. पुढच्या दहा मिनिटांत तेही गेलं. किल्ल्याकडून शेवटची चार माणसं परत येत होती. पाणी आधी त्यांच्या गुडघ्यापर्यंत होतं, मग मांड्यांपर्यंत आलं. त्यांनी पिशव्या डोक्यावर घेतल्या होत्या. सव्वाबाराला मघाची वाट होती कुठे, हे कुणाला सांगता आलं नसतं. तिथे नुसता समुद्र होता. आमची चौथीची मुलं माझ्या कमरेएवढी. मी त्यांना एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं. चव्वेचाळीस. सगळी जागेवर होती, तरी मी मोजतच होते.

मावशीकडे जाऊन मी म्हटलं, "मावशी, चुकलं माझं." ती हसली आणि म्हणाली, "उद्या ये. पंचमी हाय. धापावनेधाला ओहोटी. साडेआठला निंघ आनि अकराच्या आत परत ये."

पंचांगातलं समुद्राचं वेळापत्रक

आमच्या सातवीतल्या एका चुणचुणीत मुलीनं मावशीला विचारलं, "मावशी, तुमच्याकडे घड्याळ नाही, मग तुम्हाला वेळ कशी कळते?"

"तिथी ठावूक हाय ना? तिची पाऊनपट कर."

बस्स! एवढंच गणित! तुम्हीही करून बघा. कागद-पेन्सिल घ्या.

आज चतुर्थी म्हणजे तिथी चौथी. ४ ची पाऊणपट ३. म्हणजे दुपारी तीनला आणि पुन्हा पहाटे तीनला भरती. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे नऊ वाजता. पंचमीला ५ ची पाऊणपट पावणेचार, म्हणून ओहोटी पावणेदहाला. अष्टमीला ८ ची पाऊणपट सहा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, गणित तेच. अमावास्येला आणि पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती.

हे कसं जमतं? भरती-ओहोटी घडवण्यात सूर्यापेक्षा चंद्राचा वाटा मोठा आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. आपल्या तिथ्याही चंद्रावरूनच ठरतात. म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयात समुद्राचं वेळापत्रक लपलेलं असतं! अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ मिळून पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. त्याला म्हणतात उधाण. उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटीच्या पाण्यात तीन-चार मीटरचा फरक पडतो, म्हणजे एका मजल्याएवढा! अष्टमीच्या आसपास मात्र पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्याला म्हणतात भांग.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हे गणित मुंबई-अलिबागकडच्या किनाऱ्याचं, आणि तेही अंदाजाचं. वेळ थोडी मागेपुढे होते. म्हणून गणित करा, पण पाण्यात पाय टाकण्याआधी तिथल्या माणसाला विचारा.

मला या गोष्टीची सर्वांत जास्त लाज वाटली. संकष्टीचा उपास माझा, तिथी मला पाठ, चंद्रोदयाची वेळही पाठ. पण त्याच तिथीत भरतीची वेळ आहे, हे मला माहीत नव्हतं. अलिबागहून आलेली मावशी शहाणी ठरली आणि डी.एड. झालेल्या बाई...!

सरखेलांच्या गावात

दुपार मोकळी मिळाली, ती वाया घालवली नाही. अलिबागेत आंग्रे घराण्याच्या समाध्या आहेत. तिथे कान्होजी आंग्रे यांची समाधी पाहिली. कान्होजी मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख. मुंबईचे इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी १७२१ साली एकत्र येऊन कुलाब्यावर चाल केली. दोन बलाढ्य आरमारं एका बाजूला आणि कान्होजी दुसऱ्या बाजूला. तरी कुलाबा त्यांच्या हाती लागला नाही. १७२९ मध्ये कान्होजींचं निधन झालं. आज मुंबईत भारतीय नौदलाचा 'आय.एन.एस. आंग्रे' नावाचा तळ आहे, तो त्यांच्याच नावानं.

समाधीपाशी एका मुलानं मला विचारलं, "बाई, इंग्रजांना पाऊणपट येत नसेल का?" सगळे हसले. त्यांच्या जहाजांवरही भरती-ओहोटी जाणणारे लोक असणारच. पण इथला कुठला खडक कधी पाण्याखाली जातो, हे इथल्या कोळ्यांइतकं कोणाला ठाऊक असणार?

लोखंडाला दूर ठेवणारी इमारत

अलिबागेत एक जागा अशी आहे, जिथे लोखंडाला अगदी दूर ठेवतात. ती म्हणजे चुंबकीय वेधशाळा. पृथ्वी हा एक प्रचंड मोठा चुंबक आहे, म्हणून तर होकायंत्राची सुई उत्तर-दक्षिण राहते. पण हे चुंबकत्व सतत थोडं थोडं बदलत असतं. त्याची नोंद इथे रात्रंदिवस घेतात.

ही वेधशाळा आधी मुंबईच्या कुलाब्याला होती. तिथे १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावर प्रचंड उद्रेक झाला आणि पृथ्वीचं चुंबकत्व ढवळून निघालं. त्याची नोंद मुंबईच्या या वेधशाळेनं टिपून ठेवली. आजही जगभरचे शास्त्रज्ञ ती अभ्यासतात. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेचा प्रवाह आला की त्याच्याभोवती चुंबकत्व आलंच, मग नोंदी बिघडणार! म्हणून शांत जागा शोधली, ती अलिबाग. १९०४ साली इथे वेधशाळा उभी राहिली. इमारत बांधताना लोखंडासारखे चुंबकीय पदार्थ टाळले. दोन वर्षं दोन्हीकडे नोंदी घेतल्या आणि मग कुलाब्याचं काम थांबवलं. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा वेधशाळा सुखरूप अलिबागेत होती.

आत जायला आधी परवानगी लागते. ती नसेल, तर घरी एक प्रयोग करा. होकायंत्राजवळ तुमच्या कंपासपेटीतलं लोखंडी कर्कटक न्या. सुई हलते की नाही ते बघा. मग ट्रामचं काय, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

किल्ला एकदाचा भेटला

दुसऱ्या दिवशी बरोबर साडेआठला आम्ही किनाऱ्यावर हजर! काल जिथे लाटा फुटत होत्या, तिथे ओली, घट्ट वाळू. खेकड्यांची पिल्लं तुरुतुरु बिळात पळत होती. आम्ही चालत निघालो. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडागाड्याही असतात.

किल्ल्याच्या तटाजवळ गेलात की दगडांकडे नीट बघा. भलेमोठे दगड एकावर एक रचलेले, पण मधे चुना नाही! का बरं? लाट आपटली की पाणी दगडांच्या फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. तीनशेहून अधिक पावसाळे झाले, तट अजून उभा आहे.

शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायचं काम १६८० मध्ये हाती घेतलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. महादरवाजा अलिबागच्या दिशेला. त्यावर हत्ती, वाघ, मोर कोरलेले आहेत. किती प्राणी सापडतात ते मोजा. आमच्या मुलांमध्ये यावरून भांडण जुंपलं होतं!

आत गेलं की गणपतीचं मंदिर. १७५९ साली राघोजी आंग्रे यांनी ते बांधलं. गणपतीसोबत आणखी चार देवता आहेत, म्हणून त्याला गणेश पंचायतन म्हणतात. माझं दर्शन संकष्टीऐवजी पंचमीला झालं. गणपतीबाप्पा रागावले नसतील, कारण त्यांनीच मावशीला पाठवलं असणार!

मंदिराजवळ पुष्करणी आहे आणि किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीरही आहे. चारी बाजूंना खारट समुद्र आणि मधे गोडं पाणी! रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त सांगितलं आहे की किल्ला बांधताना आधी पाणी पाहावं. इथे ते प्रत्यक्ष दिसतं. उत्तरेच्या तटावर चाकाच्या गाड्यांवरच्या दोन तोफा आहेत. त्या मात्र मराठ्यांच्या नाहीत. १८४९ साली इंग्लंडमध्ये ओतलेल्या आहेत, त्यावर तसं कोरलेलंही आहे. इंग्रजीचा धडा म्हणून वाचून काढा.

मी घड्याळाकडे बघत होते. दहा वाजता शिट्टी. एका मुलाला अजून थोडं थांबायचं होतं. त्याला दुसऱ्यानं सुनावलं, "ए, समुद्र काय तुझ्यासाठी थांबणार आहे का?" पावणेअकराला आम्ही चव्वेचाळीस अधिक तीन, सगळे किनाऱ्यावर. मावशी सुकट उलटीपालटी करत होती. आमच्याकडे बघून तिनं नुसती मान हलवली.

आजूबाजूला काय काय?

दोन दिवस असतील, तर आणखी थोडं फिरा.

आक्षी : अलिबागहून अगदी जवळ. इथे एक शिलालेख आहे, तो कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला ऊन-पाऊस खात उभा होता. त्यावरचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचला गेला आहे. मराठीतला हा सर्वांत जुना शिलालेख, असं अनेक अभ्यासक मानतात. तुमच्या मराठीच्या पुस्तकाची ही खापर-खापर-पणजी! तिला हात न लावता नमस्कार करा.

किहीम : पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास इथे सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर घरटं विणतो. ते अर्धं झालं की मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते. मग नर दुसरं घरटं विणायला घेतो. शाळेच्या वाटेवर विहिरीवरची घरटी आपण रोज बघतो. पण असं महिनोन् महिने बघत बसलं, की त्याचं शास्त्र होतं.

खांदेरी : थळच्या समोर समुद्रातला किल्ला. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तो बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी अडवायचा खूप प्रयत्न केला, पण काम थांबलं नाही. १९९८ पासून या बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे. २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत खांदेरी आहे.

रेवदंडा आणि कोर्लई : इथे पोर्तुगीजांचे किल्ले आहेत. कोर्लई गावातली काही मंडळी अजूनही पोर्तुगीजपासून घडलेली स्वतःची एक वेगळी बोली बोलतात.

खाण्याचं काय? पांढऱ्या कांद्याच्या विणलेल्या माळा रस्त्याला टांगलेल्या दिसतील, एक घरी न्याच. हिवाळ्यात गेलात तर पोपटी खा. मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला घालून बाहेरून जाळ करतात. वास असा सुटतो की बस्स!

आई-बाबांसाठी दोन शब्द

पालकहो, समुद्राला भिऊ घालू नका, पण त्याची ओळख मात्र करून द्या. पावसाळ्यात किल्ल्याच्या वाटेला जाऊ नका. इतर वेळी निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ विचारा, परतायची वेळ आधी ठरवा आणि ती पाळा. मुलं हट्ट करतील, "आत्ता तर एवढंसंच पाणी आहे!" तेव्हा माझी गोष्ट त्यांना सांगा. चव्वेचाळीस मुलांसमोर "चुकलं माझं" म्हणताना मला जड गेलं, पण त्या दिवशी मुलं जे शिकली ते मी वर्षभर फळ्यावर लिहून शिकवू शकले नसते.

आता आमच्या वर्गात रोज फळ्यावर वार आणि तारखेखाली मुलं तिथी लिहितात, आणि तिच्याखाली भरतीची वेळ. गावापासून समुद्र शे-दीडशे किलोमीटर लांब, तरी लिहितात!

परवा शाळेत नवे पाहुणे आले होते. फळा बघून ते गमतीनं म्हणाले, "इथे भरतीची वेळ? काय रे, अलिबागहून आलात की काय?"

पहिल्या बाकावरची मुलगी ताडकन उभी राहिली. "हो! अलिबागहूनच आलोय. आज एकादशी. सांगा बरं, भरती किती वाजता?"

पाहुणे गप्प. बालमित्रांनो, तुम्ही सांगाल ना?